अंगाला बसेल तोच पट्टा खरा

होळी झाली की आमच्या सेलूत घरोघरी दारातल्या झाडांची आठवण होते. चिंच पिकून खुळखुळायला लागलेली असते, शेवग्याच्या शेंगा हाताला येईनाशा झालेल्या असतात, लिंबाच्या फांद्या तारांच्या जवळ गेलेल्या असतात. मृगाच्या आधी छाटणी उरकली नाही, तर पहिल्याच वावधानात फांदी पत्र्यावर येणार, ही धास्ती असतेच. मग झाडावर चढणाऱ्याला निरोप जातो. तो येतो, कोयता कमरेला खोचतो, एक जुना सोल खांद्यावर टाकतो आणि बघता बघता गच्चीच्याही वर जाऊन उभा राहतो. आपण खालून सांगतो, "जपून हं!"

पण हे जपणं म्हणजे नेमकं काय, ते आपण कधी विचारतो का? मजुरी किती, वाळलेलं सरपण कोण नेणार, चिंचेत वाटा कितीचा, हे सगळं ठरतं. वर गेल्यावर तो स्वतःला कशाने बांधणार, हे मात्र ठरत नाही. या लेखात त्याच गोष्टीविषयी बोलू या. झाडावर काम करणाऱ्याचा पट्टा, म्हणजे दुकानदार ज्याला सेफ्टी बेल्ट किंवा हार्नेस म्हणतो, तो कसा पारखावा? तुम्ही म्हणाल, हा पुरुषांचा विषय, यात आम्हा गृहिणींना काय कळणार? मला उलट वाटतं. हा पट्टा म्हणजे अंगावर घालायची, मापाने निवडायची, शिवलेली वस्तू आहे. आणि माप व शिवण आपल्याइतकी कोणाला कळते?

कमरेचा दोर का पुरत नाही?

आपल्याकडे बहुतेक जण कमरेला दोर बांधतात आणि त्याचं दुसरं टोक फांदीला. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं वाटतं. पण माणूस पाच-सहा फूट जरी खाली आला आणि त्या दोराला हिसका बसला, तरी सगळा भार पोटावर आणि पाठीच्या मणक्यावर येतो. दोर वर सरकून बरगड्यांत रुततो. गाठ सरकती असेल तर ती आवळत जाते आणि श्वास कोंडतो. माणूस उलटा झाला तर दोरातून निसटूही शकतो. नुसता कमरपट्टादेखील याच दोषाचा. म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून, पडणाऱ्याला झेलण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला कायद्यानेच बंदी आहे.

पट्ट्याला मांड्यांचे पट्टे हवेतच. भार मांड्या आणि कंबर यांत वाटला गेला पाहिजे. परदेशातही पूर्वी झाडं छाटणारे लोक दोराचाच दुहेरी फास करून त्यात बसत. पुढे त्या फासाला रुंद पट्टी आली, गादी आली, कड्या आल्या आणि आजचा बसका पट्टा तयार झाला.

दोन तऱ्हा, दोन कामं

दुकानात दोन तऱ्हेचे पट्टे असतात, आणि इथेच घोटाळा होतो.

पहिला, सर्वांगाला बसणारा. खांदे, छाती, मांड्या यांना पट्टे आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध एक कडी. इमारतीच्या बांधकामावर दिसतो तो हा. याचं काम पडणाऱ्याला झेलणं. पण त्यात बसून काम करता येत नाही, कारण कडी पाठीमागे. झाडावरच्या माणसाला तर बसून, रेलून, वाकून करवत चालवायची असते.

दुसरा, खास झाडकामाचा बसका पट्टा. कमरेला रुंद गादीची पट्टी, मांड्यांना गादीचे पट्टे, पुढे बेंबीच्या खाली दोर अडकवायची जागा आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी. यात माणूस पाळण्यात बसल्यासारखा बसतो. मुख्य दोर पुढे लागतो, आणि बाजूच्या कड्यांना लावलेली आखूड दोरी खोडाभोवतून घेऊन तो स्थिर राहतो. हाच सगळ्यांत सोयीचा, पण बहुधा बाहेरदेशी बनावटीचा आणि साध्या पट्ट्याच्या कितीतरी पट महाग.

मधला मार्गही आहे. सर्वांगाचाच पट्टा, पण कमरेला गादीची पट्टी आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेला. खांबांवर आणि मनोऱ्यांवर काम करणारे असा वापरतात. आपल्या देशात तो बनतो आणि मिळतो. वर्षातून चार महिने झाडकाम करणाऱ्याला तो परवडण्यासारखा आहे. घेताना छातीवर किंवा पोटाशी पुढची कडी आहे ना, ते पाहावं.

बांधकामाच्या पट्ट्याबरोबर येणाऱ्या लांब दोरीविषयी एक इशारा. तिला हिसका शोषून घेणारी एक पिशवी जोडलेली असते. पडल्यावर ती उलगडते आणि लांबते. दोरीची लांबी, पिशवीचं उलगडणं आणि माणसाची उंची धरली, तर खाली सुमारे ६ मीटर मोकळी जागा लागते. अंगणातल्या चार-पाच मीटरवरच्या फांदीला ती लावली, तर दोरी माणसाला पूर्ण थांबवण्याआधीच तो जमिनीवर! म्हणून झाडावर मुळात पडू न देणारी बांधणी हवी: दोर नेहमी डोक्यावरच्या फांदीतून आलेला आणि सैल न सोडलेला.

काचणारा पट्टा खुंटीलाच राहतो

आमच्या भागात झाडं छाटणाऱ्या एका गृहस्थांना मुलाने मोठ्या हौसेने पट्टा आणून दिला होता. एकदा त्यांच्या बायकोला विचारलं, "काय हो, मालक पट्टा लावतेत का आता?" ती म्हणाली, "कशाचं काय बाई! खुंटीला लटकलाय दिवाळीपासून. मांडीत काचतंय म्हनतेत, जीव घाबरा होतो म्हनतेत. उगं आनला."

हे तिचं बोलणं म्हणजे या लेखाचं सार आहे. कारखान्यातून पट्टा कितीही मजबूत आलेला असो, जो काचतो, टोचतो, घामाने नकोसा होतो, तो माणूस काढून ठेवतो. काढून ठेवलेला पट्टा कोणालाच वाचवत नाही. सोय ही इथे चैन नाही, सोय म्हणजेच सुरक्षितता. शिवाय अवघडलेला माणूस घाई करतो, लवकर थकतो, आणि हात चुकतो तो थकल्यावरच. म्हणून पट्टा विकत आणून देणं पुरेसं नाही. ज्याने घालायचा त्याला बरोबर नेऊन, घालून, बसवून घेतला पाहिजे. मापाशिवाय आपण ब्लाउज तरी शिवायला टाकतो का?

माप कसं पाहावं?

काम करताना जे कपडे असतात तेच घालून माप पाहावं. धोतरावर किंवा लुंगीवर मांड्यांचे पट्टे नीट बसत नाहीत, चुण्या पडतात आणि त्याच चुण्या काचतात. जाडसर सुती पँट उत्तम.

कंबर: पट्टी कमरेच्या हाडांच्या किंचित वर बसावी. भार टाकल्यावर ती बरगड्यांकडे सरकत असेल तर मोठी झाली. पट्टी आवळल्यावर दोन्ही बाजूंना थोडी वाव उरली पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात वजन उतरलं काय आणि थंडीत आत जाड कपडा घातला काय, अडत नाही.

मांड्या: पट्टा आणि मांडी यांमध्ये सपाट तळहात सहज जावा, मूठ मात्र जाऊ नये. सैल पट्टा बसताना वर सरकून जांघेत जातो आणि घट्ट पट्ट्याने पायाला मुंग्या येतात. गादीची कड आतल्या बाजूने मऊ आणि वळवून शिवलेली आहे का, तिथे बोट फिरवून पाहा. बाळाच्या अंगड्याची आतली शिवण आपण पाहतो, अगदी तसंच.

उंची: कमरेची पट्टी आणि मांड्यांचे पट्टे यांच्यामधलं अंतर कमी-जास्त करता आलं पाहिजे. उंच माणसाला हे अंतर अपुरं पडलं की कमरेची पट्टी खाली ओढली जाते, आणि बुटक्याला जास्त झालं की मांड्यांचे पट्टे गुडघ्याकडे उतरतात. दुकानात हे कोणी सांगत नाही, पण अर्धी तक्रार याचीच असते.

पुढची जागा: बसक्या पट्ट्यात पुढे एक आडवी दोरी किंवा पट्टी असते. तिच्यावर कडी डावी-उजवीकडे सरकते, म्हणून माणसाला कूस वळवून काम करता येतं. ती फार लांब असेल तर दोर तोंडापर्यंत येतो, फार आखूड असेल तर कमरेला पीळ बसतो.

घाम: आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. जाड फोमची गादी हाताला छान लागते, पण तासाभरात भिजून जड होते. जाळीदार, हवा खेळणारं अस्तर असेल तर जास्त बरं. एकूण पट्टा उगाच वजनदार नको.

अवजारांच्या कड्या: करवत-कोयता अडकवायला पट्ट्याला छोटे फास असतात. ते केवळ अवजारांसाठी. घाईत जिवाचा दोर त्यात अडकवला तर तो फास तुटणार. भार घेणाऱ्या कड्या वेगळ्या आणि ठळक आहेत ना, ते पाहा आणि चढणाऱ्याला हाताने दाखवून घ्या.

टांगून पाहिल्याशिवाय घेऊ नका

उभ्या-उभ्या कोणताही पट्टा बरा वाटतो. खरी परीक्षा लोंबकळल्यावर. दुकानात भार पेलणारा हूक असेल तर तिथे, नाही तर बदलून देण्याच्या बोलीवर घरी आणून, जाड फांदीला किंवा तुळईला दोर लावून जमिनीपासून फूटभर वर बसावं. किमान पंधरा मिनिटं, आणि नुसतं बसू नये. खाली वाकून करवत घ्यावी, डोक्यावर हात करून कापल्यासारखं करावं, दोन्हीकडे वळावं, पाय हलवावेत. मग स्वतःलाच विचारावं: श्वास मोकळा आहे का? पायाला मुंग्या येतात का? कंबर वर सरकली का? कुठे टोचतंय? पंधरा मिनिटांत जिथे टोचतं, तिथे चार तासांनी फोड येणार हे नक्की.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट. पट्ट्यात माणूस हालचाल न करता लोंबकळत राहिला, तर रक्त पायांत साचतं, भोवळ येते आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. म्हणून एकट्याने चढायचं नाही. खाली दुसरा माणूस हवा, आणि वरच्याला चटकन खाली कसं घ्यायचं हे त्याला चढण्याआधीच ठाऊक हवं. शुद्धीत असलेल्याने मदत येईपर्यंत पाय हलवत राहावेत. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असावा.

दुकानात काय पाहावं?

सेलूत हार्डवेअरच्या दुकानात साधा पट्टा मिळेल, पण चार नमुने घालून पाहायचे तर परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं. तिन्ही आपल्या रेल्वेच्याच मार्गावर आहेत, आणि जिथे कारखाने तिथे सुरक्षा सामानाची दुकानं असतात.

पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी आधी वाचा. आपल्या भारतीय मानकाचा क्रमांक ३५२१ आहे. तो आणि आयएसआयची खूण असावी. बाहेरदेशी बसक्या पट्ट्यावर युरोपचा ८१३ आणि बाजूच्या कड्यांसाठी ३५८ हे क्रमांक असतात. बनवल्याचं वर्ष, माप आणि किती वजनापर्यंत चालेल तेही त्याच चिठ्ठीवर. चिठ्ठी नाही, तर पट्टा घ्यायचा नाही. जुना वापरलेला, कोणाकडून तरी आलेला पट्टा स्वस्त पडला तरी नको. त्याने आधी एखादा हिसका सोसला असेल, तर ते वरून दिसत नाही.

मग शिवण पाहा. भार घेणाऱ्या जागी चौकोन आणि त्यात फुली, किंवा दाट आडवी शिवण असते. चांगल्या पट्ट्यात दोऱ्याचा रंग मुद्दाम कापडाहून वेगळा ठेवतात, म्हणजे एखादा टाका तुटला तर चटकन नजरेला यावा. टाके सुटलेले, दोरा लोंबणारा, शिवण तिरकी असेल तर पट्टा परत करावा.

दोर, कडी आणि फांदी

पट्टा उत्तम, पण दोर वाळत घालायचा नायलॉनचा, असं करून चालत नाही. झाडकामाचा दोर साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, खास त्याच कामासाठी विणलेला असतो. काथ्या, विहिरीचा सोल, बैलाचा कासरा यांवर जीव टांगू नये. दोर आणि पट्टा यांना जोडणारी कडी आपोआप कुलूप लागणारी असावी, नुसती दाबून उघडणारी नको. करवत चालवताना नेहमी दोन ठिकाणी बांधलेलं असावं, कारण पातं चुकून एका दोराला लागू शकतं.

आणि दोर अडकवायचा कशाला? जिवंत, खोडाच्या बेचक्यातल्या, १० सेंटिमीटरहून जाड फांदीला. चिंचेचं लाकूड चिवट. शेवगा आणि जांभूळ मात्र ठिसूळ, कट्‌कन मोडणारे. शेवग्यावर कोणी चढूच नये. त्याच्या शेंगा खालून आकडीने काढाव्यात. वाळकी, पोखरलेली, वाळवी लागलेली फांदी दिसायला कितीही जाड असली तरी नको.

विजेच्या तारेजवळच्या झाडाचं वेगळं सांगते: तिथे कोणताच पट्टा वाचवत नाही. ओली फांदीदेखील वीज वाहून नेते. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नका. आणि झाड मुळातूनच काढायचं असेल, तर १९७५च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शहरात नगर परिषदेची परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

बायकांचं माप वेगळं

केरळात नारळ काढणारे मिळेनासे झाले, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली 'नारळाच्या झाडाचे मित्र' अशा अर्थाच्या नावाने प्रशिक्षण सुरू केलं. पायाने चालवायच्या यंत्रावरून झाडावर कसं चढायचं, हे त्यात शिकवलं. कितीतरी स्त्रियाही ते शिकल्या आणि मिळवत्या झाल्या. गोव्यात नारळ उतरवणाऱ्या पाडेलींची अशीच टंचाई आहे. आपल्याकडेही आता बंगल्यांच्या दारात नारळ उभे आहेत, तेव्हा ही वेळ फार लांब नाही.

बाईसाठी पट्टा निवडताना हे ध्यानात ठेवावं की कंबर आणि नितंब यांच्या मापांतला फरक पुरुषापेक्षा जास्त असतो. पुरुषी पट्टा कमरेला सैल आणि मांड्यांना घट्ट होतो. कंबर आणि मांड्या वेगवेगळ्या आवळता येतील असाच घ्यावा. सर्वांगाच्या पट्ट्यात छातीवरची पट्टी वर-खाली सरकवता आली पाहिजे. साडी, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या चढण्यापूर्वी खालीच ठेवाव्यात.

घरातली निगा

हे काम खास आपल्या हातचं.

१. पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. धुण्याचा सोडा, ब्लीच, ब्रश नको. सावलीत वाळवावा. उन्हाने त्याचे धागे कमजोर होतात.

२. कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगावा. माळ्यावर टाकला तर उंदीर कुरतडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ आणि पेट्रोल-रॉकेलजवळ ठेवू नये. बॅटरीच्या आम्लाचा डाग दिसत नाही, पण धागा जळतो.

३. प्रत्येक कामाआधी उजेडात धरून, पट्टी वाकवून, बोटाने चाचपावं. कापलेली कड, पिंजलेला भाग, कडक झालेली जागा, रंग उडालेला पट्टा, गंजलेली कडी, यांतलं एक जरी आढळलं तरी तो बाद.

४. चांभाराकडून किंवा घरच्या मशीनवर शिवून घेऊ नये. तो दोरा आणि तो टाका वेगळाच असतो.

५. एकदा जोराचा हिसका बसला की पट्टा दिसायला कोरा असला तरी बाद. कामच नसलं तरी बऱ्याच कंपन्या १० वर्षांपुढे तो वापरू नका म्हणतात. रोजच्या कामात त्याचं आयुष्य पुष्कळ कमी.

६. बाद पट्टा कापून टाकावा, म्हणजे दुसरा कोणी उचलून वापरणार नाही.

आपल्या हातात काय आहे?

पट्टा अंगावर आला म्हणजे चढणं आलं, असं नाही. गाठी, दोर फेकणं, खाली येणं हे जाणत्याकडून, जमिनीलगत शिकूनच वर जायचं असतं. पण काम आपल्या अंगणात होतं आणि बोली आपण ठरवतो, तेव्हा आपणही चार गोष्टी करू शकतो. बोलावतानाच विचारावं, "पट्टा आहे का? मांडीचा आहे का?" पट्टा-दोर लावायला अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळाची मजुरी कापू नये, उलट वाढवून द्यावी. दुपारी बारा ते चार कोणाला वर चढवू नये. आणि त्याच्याजवळ पट्टा नसेल, तर "आज राहू द्या" असं म्हणायला लाजू नये. गल्लीतल्या पाच-सहा घरांची झाडं एकाच माणसाकडे असतात. त्या घरांनी वर्षाची मजुरी थोडी आगाऊ दिली, तर त्याला त्याच्या मापाचा, त्याने स्वतः टांगून पाहिलेला पट्टा घेता येतो. पट्टा त्याचाच असावा, सगळ्या गल्लीचा सामायिक नको. दुसऱ्याच्या मापाची वस्तू अंगाला बसत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

चिंच यंदा चार दिवस उशिरा उतरली तर काही बिघडत नाही. पण तो संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे. तिथे कोणीतरी भाकरी थापून वाट पाहत असतं.